अस्वलाएवढी घूस

गिरणी, १२ जानेवारी

धाकटे,

मी बरी आहे. गिरणी बरी आहे. उंदीर तर फारच बरे आहेत, तू गेल्यापासून त्यांच्या अंगावर मांस चढलंय.

परवा फोन मीच मधे ठेवला, लाइन तुटली नव्हती. राग मानू नकोस. फोनवर नीट भांडता येत नाही गं. इकडं माझा पट्टा फिरतोय, तिकडं तुझा समुद्र गाजतोय, आणि टोमणा मारला की तू ‘काय? काय?’ करतेस. टोमणा दोनदा मारला की त्याची धार जाते. त्यापेक्षा पत्र बरं. वाचणारीला मधे बोलता येत नाही.

तर आता ऐक. तुला मी पाठवलं ते तुझ्या लेकीचं मनगट जुळेपर्यंत. हाडांची चित्रं काढायची तिची नोकरी, उजवाच हात मोडला, आईनं जायला हवं, असं मीच म्हटलं. मनगट जुळलं. पोरगी परत चित्रं काढायला लागली. मग तू कुठं आहेस? हात आला जागेवर आणि आई राहिली बेटावर!

आणि हे काय नवीन ऐकते मी? पोरगी सांगत होती, आई आता आमच्याकडं उंदराची हाडं धुते. मी म्हटलं, कुणाची? तर म्हणे उंदराची. धाकटे, अगं जन्म गेला आपला उंदीर मारण्यात. दोन भावांच्या आपण दोन बायका, लग्न होऊन या घरात आलो तेव्हा सासूबाईंनी आपल्या हातात काय दिलं? पिंजरा! पुढं दोघींचेही नवरे गेले, पण उंदीर काही गेले नाहीत. तेव्हापासून गिरणी आपण दोघींनीच ओढली. आणि आता तू समुद्र ओलांडून उंदरांचं मयत धुतेस? इथले जिवंत उंदीर माझ्या तोंडावर हसतात.

घरातली तुझी बाजू झाडून ठेवली आहे. कधी येतेस ते लिही. ‘बघू’ आणि ‘जमेल तसं’ हे दळण मला नको, तारीख हवी.

थोरली

*

बेट, २४ जानेवारी

जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

तुमचं पत्र पोरीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मयताच्या ठिकाणी डॉक्टरबाईसुद्धा हसल्या. त्या म्हणाल्या, तुमच्या जाऊबाई एकदा बघायलाच हव्यात.

डॉक्टरबाई म्हणजे इथल्या मुख्य. माणसांच्या नव्हेत, हाडांच्या डॉक्टर. डोंगरात एक गुहा आहे, तिथली लाल माती पोत्यांनी खाली आमच्या शेडमध्ये येते. ती चाळणीत घालून हौदात बुडवायची, हलवत राहायचं. माती खाली जाते, वर राहतं ते कागदावर वाळवायचं आणि चिमट्यानं वेगळं करायचं. हाड एकीकडं, दात एकीकडं, खडे एकीकडं. म्हणजे बघा, मी इथंही तेच करते जे गिरणीत करत होते. फरक एवढाच की इथं खडा टाकायच्या आधीसुद्धा दुसऱ्या कुणाला तरी दाखवावा लागतो.

आणि उंदीर म्हणू नका हो, जाऊबाई. जात उंदराची, पण अंगानं अस्वलाएवढी. आपण तिला घूस म्हणू. आता जगात ती एकही उरली नाही. तिचा पुढचा दात माझ्या वीतभर हातात मावत नाही. मी डॉक्टरबाईंना विचारलं, एवढीशी घूस एवढी मोठी झाली कशी? त्या म्हणाल्या, फार जुन्या काळी दोन-चार लहान घुशी ओंडक्यावर बसून वाहत इथं आल्या असतील. इथं मांजर नाही, कोल्हा नाही, साप नाही. खाण्यात वाटेकरी कुणी नाही. मग पिढ्यान् पिढ्या त्या वाढत गेल्या. म्हणाल्या, ‘लहान जीव लहान राहतो तो लपायला सोपं जावं म्हणून. लपायचंच नसेल तर लहान कशाला राहील?’

हे ऐकल्यावर मी वेगळे काढलेले खडे परत हाडांतच टाकले. का ते माझं मलाच कळलं नाही. असू दे.

डॉक्टरबाई म्हणतात माझा हात फार देखणा आहे. त्यांनी विचारलंय, वर्षभर राहाल का? शेडमधलं निवडायचं काम माझ्याकडं देणार म्हणतात. मी हो म्हटलेलं नाही. तुम्ही तिथं एकट्या आहात. सगळा जीव तेवढ्यातच अडकलाय. नाहीतर इथं मला बरं वाटतं.

धाकटी

*

गिरणी, ५ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा डोकं लावून.

डोंगर पोखरून उंदीर काढला असं लोक नुसतं म्हणतात. तुझ्या डॉक्टरबाईनं ते करून दाखवलं! आणि वर त्याचा एवढा डामडौल. एवढं शिकून शेवटी उंदीरच काढायचा होता तर माझ्या पोत्यांमागं ये म्हणावं, डोंगर न पोखरता टोपलीभर काढून देते.

बरं, ते मांजराचं जरा समजावून सांग मला. बेटावर मांजर नव्हतं म्हणून घूस मोठी झाली. तू बेटावर गेलीस आणि तुला बरं वाटायला लागलं. मग इथं मांजर कोण होतं, बाई? गिरणीत आपण मांजर कधी पाळलं नाही. घरात माणसं दोन. त्यातली एक तू. आता उरलेली कोण ते मला मोजता येतं, मी शाळेत चार यत्ता गेलेली आहे.

हात देखणा! हाताला काय स्थळ बघायला नेलं होतं? तुझा हात मी बघितलाय. करंगळी वाकडी आहे, पट्ट्यात सापडली होती तेव्हा मीच बांधली. वासरांत लंगडी गाय शहाणी असते, धाकटे, आणि बेटावर वासरंसुद्धा नाहीत, नुसती हाडं आहेत. तिथं देखणं ठरायला फार काही लागत नसणार.

आणि एकटी? एकटी कोण? माझी काळजी करू नकोस. सांगायचं राहिलंच, तुझ्या बाजूला एक शिंपीणबाई राहायला आल्यात. शिवणाचं मशीन घेऊन आल्या. आपल्याच वयाच्या. फार गोड बाई. चहा बशीत ओतून फुंकर घालत पितात, मला बघायलाच बरं वाटतं. हसताना तोंडावर हात धरतात. मला सोबत झाली, घर भरल्यासारखं झालं. तू तुझ्या घुशींचं बघ.

थोरली

*

बेट, १७ फेब्रुवारी

जाऊबाई,

शिंपीणबाई आल्या हे फार चांगलं झालं. मला आनंद झाला.

फक्त एकदोन गोष्टी विचारते. त्या माझ्या खोलीत झोपतात की मधल्या? माझ्या पलंगावर का? खिडकीशेजारच्या खिळ्याला मी माझी पिशवी अडकवायचे, तिथं आता काय आहे? मशीन खिडकीपाशी ठेवलंय का? तिथून ओटा दिसतो. मी तिथं बसून तुमच्याशी बोलायचे. माझी गोधडी ट्रंकेत आहे, ती बाहेर काढलीत का? कोणत्या कपातून चहा देता? निळा कान तुटलेला कप माझा आहे, तुम्हाला माहीत आहे. मला काही नाही त्याचं. सहज विचारलं. असू दे.

कोण कुठल्या त्या? कुणाच्या ओळखीनं आल्या? तुम्ही माणसाला पटकन घरात घेत नाही. मला घेतलंत तेव्हा चार वर्षं माझ्याशी फक्त मिठाच्या बरणीबद्दल बोलत होतात.

आणि तुम्हाला मांजर मी म्हटलं नाही, तुम्हीच म्हटलंत.

काल डॉक्टरबाईंनी मला काचेच्या पेटीतलं दुसरं एक हाड दाखवलं. दुसऱ्या कुठल्यातरी बेटावरचं आहे. हत्तीच्या पायाचं. जाऊबाई, तो हत्ती वासराएवढा होता! मला वाटलं पिल्लू असेल. नाही, पूर्ण वाढलेला, म्हातारा हत्ती. बेटावर लहान येतात ते मोठे होतात आणि मोठे येतात ते लहान होतात म्हणे. खायला तेवढंच, आणि वाघच नाही तर अंगानं मोठं राहून घाबरवायचं कुणाला? मग अंग आपोआप आटत जातं.

डॉक्टरबाई रोज माझ्या शेजारी जेवायला बसतात. त्यांच्या डब्यातलं मला देतात. त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं जाऊबाईंना विचारून सांगते.

धाकटी

*

गिरणी, १ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. ‘मला काही नाही त्याचं’ असं लिहून आठ प्रश्न विचारणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

उत्तरं देते. हो, तुझ्याच खोलीत. हो, तुझ्याच पलंगावर, आणि त्यांना तो कुरकुरत नाही. खिळ्याला त्यांची मोजमापाची फीत अडकवलेली असते. मशीन खिडकीपाशीच. आणि कप निळाच, त्यांना तो आवडतो, म्हणाल्या कान नसलेला कप हातात कसा मावतो.

आता तूच विषय काढलास म्हणून सांगते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शिंपीणबाई माझ्यासमोर धान्य निवडायला बसतात. मशीन सोडून! कुणी सांगितलं नसताना. काय निवडतात गं! खडा दिसायच्या आधी बोटाला कळतो. मी तर म्हणते खडाच लाजून बाजूला होतो. त्या निवडायला बसल्या की मी दळणं बंद ठेवते, तो आवाज ऐकायला, दाणे सुपात सरकतात तो. एखादी म्हातारी दळण घेऊन आली की तिच्या डब्यात गुपचूप मूठभर आपल्यातलं जास्त टाकतात. मला दिसतं. मी बघितलं न बघितल्यासारखं करते. अशा हाताला काय बोलायचं? कुणी काही वेडंवाकडं बोललं तर ‘असू दे’ म्हणून सोडून देतात. असं माणूस गिरणीला लाभलं हे गिरणीचं नशीब.

आणि हो, हत्तीचं समजलं मला. इतकं आडून बोलायला तुला तुझ्या डॉक्टरबाईनंच शिकवलं का? आधी मांजर झाले, आता हत्ती. पुढच्या पत्रात गेंडा म्हण. मी काही आटलेली नाही. मी आहे तेवढीच आहे.

डॉक्टरबाई शेजारी बसून डब्यातलं देते होय? देईल, देईल. नवी चाळण आहे तोवर खिळ्याला. जुनी झाली की पलंगाखाली.

थोरली

*

बेट, १४ मार्च

जाऊबाई,

मी डॉक्टरबाईंना वर्षभरासाठी हो सांगितलं.

इतके दिवस फक्त तुमच्यासाठी अडले होते. रोज हाडं निवडताना मनात यायचं, जाऊबाईंनी पट्टा चढवला असेल का, पोतं कुणी उचलून दिलं असेल, एकट्या जेवल्या असतील का. आता ती काळजी मिटली. शिंपीणबाई माझ्यापेक्षा चांगलं बघतात हे तुम्हीच लिहिलंत.

गोधडी त्यांना द्या. ट्रंकेची किल्ली देवळीत आहे. तो निळा कपही त्यांचाच.

गिरणीला नशीब लाभलं, फार बरं वाटलं.

धाकटी

*

गिरणी, २२ मार्च

धाकटे,

पत्र उभ्यानं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. गिऱ्हाईक थांबलंय, थांबू दे.

अगं, तू तर एकदम हो म्हणून मोकळी झालीस! माणूस जरा दम धरतं. शिंपीणबाईंचं तसं काही खरं नाही. मी मागच्या पत्रात जरा जास्तच लिहिलं. दुरून डोंगर साजरे, आणि ही बाई तर मधल्या भिंतीपलीकडंच.

तुला म्हणून सांगते. नळ कधी पूर्ण बंद करायच्या नाहीत. टप टप टप, जीव जायचा माझा. पाय ओले घेऊन स्वयंपाकघरात फिरायच्या. गाणं गुणगुणायच्या ते नेहमी अर्धी ओळच, पुढची अर्धी काय आहे ते सांगायचं नाव नाही. कंगवा खिडकीत. आणि रुसल्या की बोलायच्या नाहीत, भांडी घासायच्या. घासलेलीच परत घासायच्या, दणदण. मी विचारलं काय झालं, तर ‘कुठं काय’. अशा बाईबरोबर कोण राहील?

तर भांडण झालं आणि त्या गेल्या. मशीन घेऊन गेल्या. मागच्या आठवड्यात. तुझी खोली आता रिकामी आहे. गोधडी दिलेली नाही, कपही धुऊन ठेवलाय.

घर कसं एकदम गप्प झालंय. पट्टा बंद केला की माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटतो. मला वाटलं होतं, आता आख्खं स्वयंपाकघर माझं, डबे माझ्या मनासारखे लावीन, कुणाला विचारायला नको. लावले. दोन दिवस बघितले. मग परत होते तसे लावले. दोघींचं शिजवायची सवय जात नाही, उरतं, म्हणून आता शिजवतच नाही फारसं. ओट्यापाशी उभी राहूनच उरकते. कपडेही मेले सगळे ढगळ झालेत, तू गेल्यापासून झालेत, आत टीप मारून द्यायला कुणी नाही.

पण ते सोड. तू आपली तुझ्या डॉक्टरबाईला सांग की घरी अडचण आहे. एकदा हो म्हटलं तरी मग नाही म्हणता येतं. जग रोज म्हणतं.

थोरली

*

बेट, ६ एप्रिल

जाऊबाई,

तुमचं पत्र वाचून आधी मला इतका राग आला की मी शेडमधली सगळी पातेली घासून काढली. घासताना पोरगी म्हणाली, ‘आई, ही घासलेलीच आहेत. आणि दणदण का?’

जाऊबाई, माझा हात तिथंच थांबला.

इथं सगळं जनावर कधीच सापडत नाही. एक दात सापडतो, मग कधी जबड्याचा तुकडा, वर्षानं बोटाचं हाड. डॉक्टरबाई ते टेबलावर मांडतात आणि त्यावरून सांगतात की जनावर कसं चालत होतं, काय खात होतं. मी तसंच केलं. तुमची सगळी पत्रं टेबलावर मांडली. एका पत्रात बशीतला चहा होता. एकात तोंडावरचा हात. एकात म्हाताऱ्यांच्या डब्यात टाकलेली मूठ, ‘असू दे’, टपटपणारा नळ, अर्धी ओळ. आपल्या सवयी आपल्याला दिसत नाहीत हो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. तुकड्याला तुकडा लावत गेले आणि जनावर उभं राहिलं. तोंड माझंच!

तरी खात्री म्हणून एक हाड बाजूला ठेवलं होतं. घरात दोन महिने शिंपीण राहत होती, मशीन होतं, आणि मी गेल्यापासून तुमचे कपडे ढगळ आहेत. एक टीप मारायला तिला वेळ झाला नाही?

मी आधी हसले. मग रडले. मग मला परत तिचा हेवा वाटायला लागला, तो अजून जात नाही. बघा ना. तिच्या निवडण्याचा आवाज ऐकायला तुम्ही दळणं बंद ठेवलीत. तिच्या हातात खडा लाजला. ती मूठभर जास्त टाकते ते तुम्ही गोड मानलंत. मी तेच केलं तेव्हा तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, ‘वाटा, वाटा, माहेरून आणलंय ना!’ तीस-बत्तीस वर्षं मी तुमच्यासमोर बसून निवडत होते. कुठल्या शिंपिणीला दोन महिन्यांत मिळालं ते मला का नाही मिळालं? डॉक्टरबाई माझा हात देखणा म्हणाल्या तेव्हा मला कसं झालं ते तुम्हाला काय सांगू. वाईट याचं वाटलं की हे परक्या माणसाकडून ऐकावं लागलं.

आता मुद्द्याचं. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सही झालेली नाही, महिनाअखेरपर्यंत नक्की करा. नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, राग येणार नाही.’ बोट दर शुक्रवारी असते. तुम्ही ये म्हणालात तर मी येते, आणि तोंड वाकडं न करता येते. राहा म्हणालात तर वर्षभर राहते. पण काय ते मला सांगा, माझ्या नावानं सांगा. मधे शिंपीण नको.

धाकटी

*

गिरणी, १९ एप्रिल

धाकटे,

येऊ नकोस.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण खाली जाईपर्यंत माझा विचार बदलला असता. पत्र लिहिताना दोनदा बदललाच आहे. तू फक्त वरची ओळ खरी मान.

पकडलंस मला. आता सगळ्या बेटाला सांगत फिर. पण एवढं धरून चाल की खोटं माणूस उभं करायचं तर कुठूनतरी हाडं आणावी लागतात, आणि माझ्या घरात तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची नव्हती. मी बसून वेगळी बाई रचायला गेले. उंच करू, चष्मा देऊ, तोंडानं फटकळ करू. जमेना गं. पेन उचललं की तूच येऊन बसायचीस खिडकीत.

तुझ्या नावानं पाहिजे ना? घे. तू निवडलेल्या धान्यात खडा नसायचा. सुपातला तो आवाज मला आवडायचा, आणि मी दळणं खरंच थांबवायचे, पट्टा गरम झालाय म्हणून सांगायचे. म्हातारीच्या डब्यात मूठ टाकताना तुझं तोंड असं व्हायचं की मला तुझा राग यायचा, कारण मला तसं तोंड करता येत नाही. बास. याहून जास्त माझ्याच्यानं लिहवत नाही, हात दुखतो.

तू म्हणशील, मग तोंडानं का नाही बोललात? अगं, मी थोरली राहायचं तर कुणीतरी धाकटं असायला लागतं ना! तू इथं नळसुद्धा घाबरत घाबरत सोडायचीस. म्हणूनच तो नीट बंद होत नसणार. आता तिथं तुझा हात लोकांना दिसतोय, तर वाढ बाई. किती वाढतेस ते बघू. अस्वलाएवढी झालीस तरी दारातून आत घ्यायचं कसं ते मी बघेन.

माझं म्हणशील तर समोरच्या दुकानदाराची आई दुपारी येऊन बसते आता. खरीच आहे, खात्री करायची तर पोरीला फोन करायला सांग, तिच्याशी बोलायला देते. निवडता तिला अजिबात येत नाही. खडे ठेवते आणि दाणे टाकते. बोलते मात्र भरपूर, आणि तिच्यासमोर उभ्यानं जेवता येत नाही, म्हणून बसते. कपडे मी स्वतःच आत घेतले. एक बाही वर, एक खाली, पण अंगाला लागतात.

तुझ्या डॉक्टरबाईचा मला राग आहे तो आहेच, तो काही जाणार नाही. शेजारी बसते, डब्यातलं देते, देखणा म्हणते. मी इतक्या वर्षांत जे तोंडातून काढलं नाही ते तिनं आठ दिवसांत काढून दाखवलं, याला काय म्हणायचं? तिला माझा नमस्कार सांगू नकोस. तिला एवढंच सांग, जाऊ मी उसनी दिली आहे, दिलेली नाही. आणि उसनी नेलेली वाटी रिकामी परत करायची नसते, हेही कानावर घाल.

थोरली